नावाआधीची तीन अक्षरे

पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटे झाली होती. जावा बेटावरच्या कुदुसच्या कत्तलखान्यात त्या दिवसाची तिसरी म्हैस सोलून टांगली गेली होती आणि डॉक्टर मुर्वानी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून मोरीशेजारी उकिडव्या बसल्या होत्या. समोरच्या घमेल्यात आतड्यांची वेटोळी, मूत्राशय, गर्भाशय असा सगळा ऐवज वाफाळत होता. त्यातून त्या नुसत्या बोटांनी चाचपत अंडाशय शोधत होत्या. गाईचा अंडाशय सहज हाताला लागतो. म्हशीचा जेमतेम सुपारीएवढा, चरबीत दडलेला. सापडला की देठ कापायचा, कोमट सलाईनमध्ये खळबळून घ्यायचा आणि थर्मासमध्ये सोडायचा. चौतीस वर्षे त्या दर गुरुवारी हे करत आल्या होत्या.

कुदुसमध्ये गाय कापत नाहीत. जुन्या काळी एका मुसलमान संताने शेजारच्या हिंदूंचे मन राखायला घालून दिलेली रीत, अजून कोणी मोडलेली नाही. त्यामुळे इथे रश्श्यात म्हैस, आणि मुर्वानींच्या थर्मासमध्येही म्हैसच.

कत्तलखान्याचा मुकादम गुरुवारी जन्मला म्हणून त्याचे नाव कमिस, म्हणजे गुरुवार. तेवढेच नाव, मागेपुढे काही नाही. तो घमेले उचलायला आला आणि नेहमीसारखा चेष्टेवर आला. मुर्वानींना सगळेच ‘बू’ म्हणत, म्हणजे बाई.

“बू, आमच्या म्हशी मेल्यावरसुद्धा तुम्ही त्यांना सुखानं पडू देत नाही. मेल्यावर पोरं काढायला लावता.”

“जित्या असताना तू कुठं काढू दिलीस?” मुर्वानी म्हणाल्या.

कमिस हसला. मग त्याने विचारले, ऑक्टोबरनंतर कोण येणार? हा प्रश्न त्या महिन्यात मुर्वानींना सगळेच विचारत होते. त्यांनी थर्मासचे झाकण घट्ट फिरवले.

“मीच येईन. प्राध्यापक झाले तर.”

हा गेल्या जुलैतला गुरुवार. एकोणीस ऑक्टोबरला मुर्वानींना पासष्ट वर्षे पूर्ण होणार होती. इथल्या विद्यापीठांत पासष्टीला घरी जावे लागते. फक्त पूर्ण प्राध्यापक असलेल्यांना सत्तरीपर्यंत राहता येते. मुर्वानी गेली सतरा वर्षे सहयोगी प्राध्यापक होत्या. किनाऱ्यालगतच्या त्या लहान कृषी विद्यापीठात म्हशीच्या बीजांडांवर हाताने काम करणारे दुसरे कोणी नव्हते. अंडाशयातून सुईने बीजांडे ओढून घ्यायची, सूक्ष्मदर्शकाखाली निवडायची, उबदार पेटीत पिकवायची, मग रेत सोडून गर्भ धरतो का पाहायचे. म्हशीच्या अंडाशयातून बीजांडे निघतातच थोडी, त्यामुळे हात चुकला की दिवस फुकट. हे चित्र दाखवून शिकवता येत नाही असे त्यांचे म्हणणे. दर गुरुवारी साडेसातला त्या मुलांच्या हातात ताजे अंडाशय देत. दोन मुलींचा हात बसत आला होता. त्यांना अजून तीनचार वर्षे हवी होती. डीनने मात्र आधीच सांगून ठेवले होते की जागा रिकामी झाली तर ती खोली कोंबडीवाल्या विभागाला जाईल. म्हणजे प्राध्यापकपद मिळाले तर पाच वर्षे आणि प्रयोगशाळा. नाही तर नोव्हेंबरच्या एक तारखेला काहीच नाही.

आडवा आला तो सिनेटने तीन वर्षांपूर्वी केलेला नियम. प्राध्यापक होणाऱ्याच्या लिखाणाला जगभरातून निदान तीनशे दाखले हवेत. तुमच्या शोधनिबंधाचा दुसऱ्या कोणी आपल्या निबंधात उल्लेख केला की एक दाखला. हे दाखले मोजणारी परदेशातली एक मोठी सूची आहे, संगणकावर कोणालाही पाहता येते. मुर्वानींनी ती कधी उघडली नव्हती. आपण काय छापले ते आपल्याला ठाऊक आहे, मग पाहायचे काय, असा त्यांचा हिशेब.

त्या दुपारी ग्रंथालयातल्या सात्रियोने त्यांना समोर बसवून सूची उघडली. सात्रियो पस्तिशीचा, बोलका, आणि अर्ध्या विद्यापीठाचे अर्ज भरून देणारा. पडद्यावर आकडा आला एकशे अठ्ठेचाळीस.

“एवढेच?” मुर्वानींनी विचारले.

सात्रियोने सांगितले की सूचीला नाव आणि आडनाव असे दोन्ही लागते. मुर्वानींसारख्या एकच नाव असलेल्या माणसांचे तिला काय करावे ते कळत नाही. मग कोणी तेच नाव दोनदा लिहितो, कोणी नवऱ्याचे जोडतो, कोणी नुसती रेघ मारतो. मुर्वानींच्या निबंधांवर काय काय छापले गेले होते ते त्याने एकेक करून दाखवले. कुठे ‘मुर्वानी मुर्वानी’, कुठे ‘मुर्वानी सुदिब्यो’, एका ठिकाणी ‘एन. एन. मुर्वानी’. त्या दोन अक्षरांचा अर्थ ‘नाव नाही’ असा, हे त्याने स्पष्ट केले.

“दोनदा मुर्वानी म्हणजे रस्त्यातून कोणी हाका मारतंय तसं वाटतं, बू. तेवढे मी एकत्र केलेत. एकशे अठ्ठेचाळीस त्या सगळ्यांचे मिळून.”

“आणि थर्मासचा?”

थर्मासचा निबंध १९९४ सालचा. कत्तलखान्यातून काढलेला म्हशीचा अंडाशय किती उबेत, किती वेळ ठेवला तर आतली बीजांडे जगतात, एवढाच त्याचा विषय. मुर्वानींनी तीन वर्षे कुदुस ते विद्यापीठ या रस्त्यावर बसने थर्मास वाहून तो लिहिला होता. फारसे डोके लावावे लागणारे काम नव्हते, असे त्या स्वतःच म्हणत. पण ज्यांना ज्यांना कत्तलखान्यातून अंडाशय आणावे लागतात त्या सगळ्यांना तो लागतो.

सात्रियोने निबंधाचे शीर्षक टाकले. तो निघाला. दाखले सहाशे एकेचाळीस. लेखिकेच्या जागी लिहिले होते ‘डी. आर. एच. मुर्वानी’.

सात्रियो आधी हसला आणि मग थांबला. डी-आर-एच ही काही नावाची अक्षरे नव्हेत. इथे पशुवैद्याच्या नावाआधी ती तीन अक्षरे लावतात, डॉक्टरच्या आधी ‘डॉ.’ लावावे तशी. १९९४ मध्ये विभागाचे प्रमुख होते ते आता हयात नाहीत. ते जुन्या वळणाचे, कोणाचेही नाव पदवीवाचून लिहिणे म्हणजे त्या माणसाचा अपमान असे मानणारे. हस्तलिखितावरचे पहिले पान त्यांनी स्वतः टंकलेखन यंत्रावर बडवले आणि मुर्वानींच्या नावाआधी आदराने ती अक्षरे घातली. स्वतःच्या नावाआधी ‘प्रा. डॉ.’ घातले. परदेशातल्या संपादकाला प्राध्यापक आणि डॉक्टर कळले, ते त्याने खोडले. डी-आर-एच कळले नाही. त्याने प्रत्येक अक्षरापुढे टिंब दिले आणि नाव म्हणून छापले. छपाईपूर्वी तपासायला पाने टपालाने आली तेव्हा मुर्वानींनी ती टिंबे पाहिली होती. परदेशात पदवी अशी छापतात असे त्यांना वाटले, आणि बरेही वाटले होते.

“मग ते माझ्या नावावर घे,” त्या म्हणाल्या.

“तीच अडचण आहे. ते आधीच एकीच्या नावावर आहे.”

सूचीत डी. आर. एच. मुर्वानी नावाची खरीखुरी बाई होती. दियाह रेत्नो हंदायानी मुर्वानी. समुद्रापलीकडे लांपुंगच्या एका विद्यापीठात माशांच्या पैदाशीवर काम करणारी, तिथे सहयोगी प्राध्यापक. आद्याक्षरे जुळली म्हणून यंत्राने म्हशीचा निबंध तिच्या माशांमध्ये नेऊन ठेवला होता. सात्रियोने तिचे जन्मसाल पाहिले, १९८५.

“नऊ वर्षांची असताना म्हशीच्या अंडाशयावर निबंध लिहिला पोरीनं,” तो म्हणाला. “आमची थोरली नऊ वर्षांची आहे. तिला गाईवर चार ओळी लिहा म्हटलं तर पाचवी आईकडनं लिहून घेते.”

घरी नवऱ्याला हे सांगितल्यावर तोही आधी हसला. सुदिब्यो लवंगी सिगरेटच्या कारखान्यात तंबाखूच्या गोदामावर होते, आता निवृत्त. चाळीस वर्षे संसार केला तो एकाच मुर्वानीशी असे आपण धरून चाललो होतो, असे ते म्हणाले. पण तीनशेचा नियम आणि ऑक्टोबरची तारीख एकमेकांशेजारी ठेवून पाहिल्यावर त्यांचे हसू गेले. त्या बाईला आजच फोन कर, हे त्यांनी तीनदा सांगितले. मुर्वानींनी दुसऱ्या दिवशी केला.

लांपुंगमध्ये जावाहून गेलेली पुष्कळ कुटुंबे आहेत आणि दियाह त्यांतल्याच एकातली. ती आजीच्या वळणाची आदबशीर जावानीज बोलली. मुर्वानींनी आपले नाव सांगितले, निबंधाचे साल सांगितले. मग दियाह म्हणाली, “मी येते, बू. हे फोनवर नको.”

ती दोन ऑगस्टच्या शनिवारी आली. बस, मग सामुद्रधुनी ओलांडणारी फेरीबोट, मग पुन्हा बस. दारात उभी राहिली तेव्हा हातात केळ्याच्या वेफर्सचे दोन पुडे होते आणि डोक्यावरचा रुमाल प्रवासाने चुरगळलेला होता. वय चाळीस, दिसायला त्याहून लहान. सुदिब्योंनी आज कडक वागायचे ठरवले होते. तिने वाकून दोन्ही हातांनी त्यांचा हात धरून कपाळाला लावला, तेव्हा ते चहा टाकायला आत निघून गेले.

दियाह खुर्चीच्या कडेवर बसली. सगळे तिने न विचारता सांगितले. सूचीवर कोणता निबंध कोणाचा हे कबूल करायला त्यांच्याकडे एक कारकून नेमलेला आहे, तो सगळ्यांपुढे ‘होय’ दाबत जातो. तसा हाही दाबला गेला. दोन वर्षांपूर्वी तिला तो आपल्या यादीत दिसला.

“दिसल्यावर काय केलंस?”

“काही नाही. वाटलं, कोणीतरी विचारेल. माशांच्या मध्येच म्हैस कुठून आली म्हणून. कोणीच विचारलं नाही, बू.”

पुढच्या वर्षी तिच्या बढतीची वेळ आली. अर्जात सर्वांत महत्त्वाचे काम कोणते असे विचारलेले असते. तिच्या माशांच्या सगळ्या निबंधांना मिळून एकसष्ट दाखले होते. विभागप्रमुख तिच्या मागे उभे राहून पडद्यावर बोट ठेवत म्हणाले, हे सहाशेवालं लिही, डोकं आहे की नाही. तिने लिहिले. यंत्राची चूक तिथपर्यंत होती; पुढची आपली, असे ती म्हणाली. बढती मिळाली, पण ती कायम होण्याची तपासणी डिसेंबरमध्ये होती. हा निबंध आज गेला तर तपासणीत तेच पहिल्यांदा दिसणार होते.

“डिसेंबरपर्यंत थांबता येईल का, हे विचारायला आले होते.”

“माझी सिनेट सप्टेंबरात आहे,” मुर्वानी म्हणाल्या. “पंचवीस तारखेला. त्यानंतर मी पासष्ट.”

दियाहने मान हलवली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. सुदिब्योंनी कोपऱ्यावरून रस्साभात आणला. तिघे जेवले. रस्सा म्हशीचा आहे का असे दियाहने विचारले आणि स्वतःच ओशाळली. जेवण आटोपल्यावर, दोघी ताटल्या उचलत असताना, तिने आणखी एक विचारले.

“बू, तिसऱ्या तक्त्यात सगळीकडे चाळीस-चाळीस अंडाशय आहेत. फक्त चौथ्या ओळीत अडतीस. का?”

मुर्वानींनी तिच्याकडे पाहिले. “तू वाचलास?”

“मुलाखत होती. घोकला. शेवटी शेवटी पाठ झाला. हा अडतीस तेवढा कळला नाही. त्यांनी विचारला असता तर मी तिथंच अडकले असते.”

“विचारला?”

“नाही.”

मुर्वानींनी ताटल्या खाली ठेवल्या. वाटेतल्या देमाक गावाच्या पुढे तेव्हा रस्ता खणलेला होता, त्यांनी सांगितले. बसला हिसका बसला, थर्मासचे झाकण निसटले, वरचे दोन अंडाशय पाण्याबाहेर राहून गार पडले. ते दोन त्यांनी टाकून दिले आणि तक्त्यात अडतीस लिहिले. “सर म्हणाले, चाळीसच लिही, कोण मोजतंय. मी म्हटलं, मी मोजलेत.”

दियाहने मग विचारले की पाणी तीस अंशांच्या खाली गेले की बीजांड नेमके कशाने मरते, माशांच्या अंड्यांत तर उलट दिसते. मुर्वानींनी खुर्ची ओढली. सुदिब्यो सांगतात की त्यानंतर त्यांना दोनदा चहा करावा लागला आणि दोन्ही खेपेला तो तसाच गार झाला. निघताना मुर्वानींनी तिच्या पिशवीत गुळातांदळाच्या वड्यांचा डबा घातला. ती कोपऱ्यावरून वळल्यावर सुदिब्योंनी विचारले, मग ठरले काय?

“सहाशे एकेचाळीस जणांनी दाखला दिला,” मुर्वानी म्हणाल्या, “आणि वाचला हिनं.”

“ते ठीक. पण ठरलं काय?”

काहीच ठरले नव्हते.

सोमवारी सात्रियो सूचीकडे पाठवायचा अर्ज तयार करून बसला होता. निबंध चुकीच्या नावावर आहे, मूळ लेखिका ही, सोबत पदवीचा दाखला, विद्यापीठाचा शिक्का. सूचीवाल्यांना असे काम निस्तरायला सहा ते आठ आठवडे लागतात, तेव्हा आजच पाठवू या, असे तो म्हणाला. मुर्वानी उभ्याच होत्या.

“आठवडाभर थांब.”

“बू, आपल्याकडे आठवडे मोजकेच आहेत.”

“आठवडाभर म्हटलं ना.”

का, ते त्यांनी सांगितले नाही. त्याला नाही, नवऱ्यालाही नाही. सुदिब्यो दोन दिवस बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी जे बोलले ते न बोलण्यापेक्षा वाईट होते. दुसऱ्याच्या पोरीची दया करताना स्वतःच्या दोन पोरींचे काय, असे त्यांनी विचारले. प्रयोगशाळेतल्या त्या दोन विद्यार्थिनींना ते पोरीच म्हणत. त्या गुरुवारी त्या नेहमीप्रमाणे कत्तलखान्यात गेल्या, नेहमीप्रमाणे प्रात्यक्षिक घेतले.

पुढच्या सोमवारी त्यांनी सात्रियोला अर्ज पाठव म्हणून सांगितले. त्याने सूची उघडली आणि पाहिले तर त्या निबंधासमोर ‘दुरुस्ती विचाराधीन’ असे आलेले होते. रविवारी संध्याकाळी दियाहने लांपुंगहून स्वतःच कळवले होते की हा निबंध माझा नाही.

दुरुस्ती तीस सप्टेंबरला झाली. सिनेट त्याआधी पाच दिवस बसून उठली होती. मुर्वानींनी वाया घालवलेल्या त्या आठवड्याआधी अर्ज गेला असता तर काम वेळेत झाले असते की नाही, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. सात्रियोचे गणित सांगते की झाले असते, एक दिवस राखून. त्याने ते गणित मुर्वानींना दाखवलेले नाही.

सिनेटच्या बैठकीत मुर्वानींच्या प्रकरणाला फार वेळ लागला नाही. सात्रियोने डी-आर-एचचा घोटाळा समजावणारे टिपण जोडले होते. डीन हार्सोयो यांनी ते वाचून दाखवले. एका सदस्याने विचारले की बाईंनी एखादे आडनाव का लावून घेतले नाही. थोडा हशा झाला. बैठकीला एकवीस जण होते, त्यांतल्या नऊ जणांना आडनाव नव्हते, हार्सोयो त्यांतलेच एक. पण ते सगळे नियम होण्यापूर्वी प्राध्यापक झालेले. सूचीवर आज जो आकडा आहे तोच धरता येईल, असे ठरले. एकशे अठ्ठेचाळीस. प्रकरण पुढच्या, म्हणजे डिसेंबरच्या बैठकीकडे गेले, आणि डिसेंबरच्या बैठकीत फक्त नोकरीत असलेल्यांचीच प्रकरणे घेता येतात.

संध्याकाळी डीनने मुर्वानींना खोलीत बोलावून घेतले. आपल्याला खरोखर वाईट वाटते, असे ते म्हणाले, आणि ते खरे असावे. तीस वर्षांपूर्वी ते मुर्वानींचे विद्यार्थी होते.

“बू, मी तरी काय करू? नियमाला तोंड नसतं.”

“तुला आहे ना?” मुर्वानी म्हणाल्या.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात लांपुंगहून बातमी आली. एका बाईचे सातशे दोन दाखले एका रात्रीत एकसष्ट होतात हे तिथल्या कार्यालयाच्या नजरेतून सुटले नव्हते. डिसेंबरपर्यंत कोणी थांबले नाही. चौकशी बसली आणि दियाहला एक पायरी खाली आणले गेले. मुर्वानींनी तिथल्या डीनला फोन केला. हा दोष यंत्राचा, आपल्या दिवंगत विभागप्रमुखांच्या सौजन्याचा आणि परदेशी संपादकाच्या अज्ञानाचा आहे. त्या मुलीने तर स्वतः होऊन दुरुस्त करायला कळवले, असे त्यांनी सांगितले. डीनने अदबीने ऐकून घेतले.

“बू, आम्हीसुद्धा यंत्राचीच चूक धरत होतो. चौकशीत तसं म्हणा, असं मीच त्यांना सुचवलं होतं. पण अर्जात तो निबंध आपण जाणून घातला, असं त्यांनी लिहून दिलंय. सही आहे त्यांची. आता मी काय म्हणू?”

मुर्वानींनी त्यानंतर दियाहला चार वेळा फोन केला. तिने तो घेतला नाही. पाचव्या वेळी त्यांनी माशांच्या अंड्यांविषयी एक प्रश्न लिहून पाठवला. त्याचे उत्तर आले, दोन ओळींचे, नेमके, शेवटी आदराचा नमस्कार. बाकी काही नाही. मुर्वानींनी पुढचा प्रश्न अजून पाठवलेला नाही.

वाढदिवसाला सुदिब्योंनी हळदीच्या भाताची रास करून शेजाऱ्यांना जेवायला घातले. तीस ऑक्टोबरच्या गुरुवारी मुर्वानींनी शेवटचे प्रात्यक्षिक घेतले. त्या दिवशी बावीस बीजांडे निघाली, त्यातली चौदा बरी. दोन विद्यार्थिनींपैकी एकीने विषय बदलून पशुखाद्याचा घेतला. दुसरी अजून विचार करते आहे. उबदार पेट्या बंद करून त्यांच्यावर कापड घातले आहे, आणि खोलीच्या किल्ल्या कोंबडीवाल्या विभागाकडे गेल्या आहेत.

पाच नोव्हेंबरला, बुधवारी संध्याकाळी, सात्रियो कुदुसला घरी आला. मुर्वानी अंगणात मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. त्याने मोबाइल उघडून सूची दाखवली. मुर्वानी मुर्वानी, सातशे एक्याण्णव. सप्टेंबरच्या अखेरीस सातशे एकोणनव्वद होते, दोन नवे आले. एक हनोईचा, एक पादांगचा.

“काय म्हणतायत?” त्यांनी विचारले.

सात्रियोने पादांगचा निबंध उघडून त्यातली ओळ वाचली. अंडाशय एकोणचाळीस अंश उबेत आणले, मुर्वानी यांच्या पद्धतीने.

“एकोणचाळीस?”

“असं लिहिलंय.”

“मी तीस ते तेहतीस म्हटलंय. एकोणचाळीसला ते वाटेतच नासायला लागतील.” त्यांनी खुडलेली मिरची सुपात टाकली. “त्यांना कळव.”

“कोणाच्या नावानं कळवू, बू? तुमचा विद्यापीठाचा पत्ता एक तारखेपासून बंद आहे.”

मुर्वानींनी पुढची मिरची खुडायला घेतली. सुदिब्यो आतून चहा घेऊन आले. सात्रियो अंधार पडायच्या आत परत निघाला, कारण दुसऱ्या दिवशी त्याला सकाळी लवकर ग्रंथालय उघडायचे होते.

उद्या गुरुवार. दुसऱ्या वर्षाचे प्रजनन जीवशास्त्राचे प्रात्यक्षिक साडेसातला आहे; नवीन नेमणूक होईपर्यंत ते पडद्यावरच्या चित्रांवर घेतले जाईल आणि विद्यार्थ्यांनी हातमोजे आणण्याची गरज नाही, अशी सूचना विभागाच्या दारावर लावलेली आहे.